तुमचं काय, तुम्ही हौशी!

आधी पत्र, थोडं आवरून:

“ताई, मी ४२ वर्षांची. पुण्यात सहकारनगरला राहते, एका पतसंस्थेत कॅशियर आहे. चार वर्षांपूर्वी तळजईच्या टेकडीवर चालायला जाऊ लागले आणि चालता चालता धावायला लागले. आतापर्यंत एकवीस किलोमीटरच्या तीन हाफ मॅरेथॉन झाल्या. सगळ्यात चांगली वेळ २ तास ३८ मिनिटं, तीही दोन वर्षांपूर्वीची. त्यानंतर काही केल्या कमी होत नाही. आमच्या ग्रुपमधल्या एकांनी दोन तासांच्या आत हाफ करण्याचा त्यांचा सरावाचा तक्ता मला दिला. जानेवारीपासून तो पाळतेय, आठवड्यातून पाच दिवस. पावणेपाचचा गजर लावते, झोपायला सव्वाअकरा होतात. रोजच्या सहा किलोमीटरला ४४ मिनिटं लागतात. त्याहून हळू गेले तर ग्रुप दिसेनासा होतो. तीन आठवडे झाले, डाव्या नडगीला आतल्या बाजूने दुखतंय. सुरुवातीला दुखतं, मग कमी होतं. ऑफिसचा जिना चढताना धाप लागते, पाळीचा त्रासही वाढलाय, वयाचं असेल. सासूबाई विचारतात, ‘एवढं धावतेस, नंबर कधी येणार?’ त्या स्वतः दर आषाढीला आळंदी ते पुणे पालखीबरोबर चालतात. गेल्या रविवारी ग्रुपमध्ये डिसेंबरच्या फुल मॅरेथॉनसाठी कोण कोण नाव देणार ते चाललं होतं. मी विचारलं, मीही देऊ का? एकजण म्हणाले, ‘तुमचं काय, तुम्ही हौशी! द्या की.’ सगळे हसले, मीही हसले. घरी आल्यावर रडू आलं. चार वर्षं देऊनही मी हौशीच असेन, तर हे सोडून द्यावं का? की जिद्दीने फुल करून दाखवावी?”

पायापासून सुरुवात करते. बाकी सगळं चार दिवस थांबू शकतं, नडगी थांबणार नाही.

आज घरी गेल्यावर खुर्चीत बसा, डावा पाय उजव्या मांडीवर घ्या आणि नडगीच्या हाडाच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत दाबत खाली न्या, पोटरीच्या मध्यापासून घोट्याच्या जरा वरपर्यंत. दुखरी जागा लांबट, चार-पाच बोटं पसरलेली लागली, तर बहुधा ती शिन स्प्लिंट. हाडाच्या कडेला चिकटलेल्या स्नायूंवर आणि हाडाच्या आवरणावर झेपेल त्याहून जास्त ताण आला की ती होते. त्रासदायक असते, पण ओझं कमी केलं की काही आठवड्यांत निवळते. अंगठा मात्र एकाच ठिकाणी, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत टचकन दुखला, किंवा रात्री पडल्या पडल्या ठणका लागला, तर धावणं त्याच दिवशी बंद आणि दुसऱ्या दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे. हाडाला बारीक चीर पडायला लागली असण्याची शक्यता असते. पहिले दोन-तीन आठवडे ही चीर साध्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही, एमआरआयमध्ये दिसते. त्यामुळे ‘एक्स-रे स्वच्छ आहे’ एवढ्या शब्दावर पुन्हा बूट बांधू नका.

हे मी एवढं ठासून सांगते, कारण मी ते भोगलंय. २००८ साली माझी उजवी नडगी अशीच दुखत होती. सुरुवातीला दुखायची, मग कमी व्हायची. तेव्हा ज्यांच्याकडून शिकत होते ते म्हणाले, दुखणं डोक्यात असतं. मी ते खरं धरलं आणि आणखी पाच आठवडे धावले. एका पहाटे वेताळ टेकडीच्या उतारावर, पाय टेकला तशी डोळ्यापुढे अंधारी आली. खाली रस्त्यापर्यंत यायला दीड तास लागला, एका अनोळखी बाईच्या खांद्यावर हात टाकून आले. त्यानंतर चार महिने धावणं नाही. दुखणं पायातच होतं. पहिल्या आठवड्यात ऐकलं असतं तर महिन्याभरात निभावलं असतं.

दुसरी गोष्ट तुम्ही अर्ध्या ओळीत उरकलीत: जिना चढताना धाप आणि पाळीचा वाढलेला त्रास. रोज सहा किलोमीटर धावणाऱ्या बाईला ऑफिसच्या जिन्यावर धाप लागायचं कारण नाही. याच आठवड्यात रक्त तपासून घ्या. नुसतं हिमोग्लोबिन नको, फेरिटिनही. शरीरातल्या लोहाचा हिशेब मांडला तर हिमोग्लोबिन म्हणजे हातातली रोकड आणि फेरिटिन म्हणजे तिजोरीतली शिल्लक. हातातली रोकड ठीक दिसत असताना तिजोरी रिकामी झालेली असू शकते, आणि धावणाऱ्या बायकांमध्ये हे फार वेळा होतं. पाळीतून लोह जातं, थोडं घामातून, आणि पाय सतत जमिनीवर आपटून रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात त्यातही थोडं जातं. दोन वर्षं वेळ अडकून पडलीय याचं अर्धं कारण कदाचित त्या रिपोर्टात निघेल. सोबत ‘ड’ जीवनसत्त्वही बघा, आणि पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा. ‘वयाचं असेल’ हे डॉक्टरांना ठरवू द्या. गोळ्या लागल्या तर त्यांच्या सल्ल्यानेच घ्या. जेवणावर लगेच चहा मात्र आजपासून बंद करा, चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. उसळीवर, पालेभाजीवर लिंबू पिळा, त्याने ते जास्त लागतं.

आता तुमच्या पत्रातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला आकडा. सहा किलोमीटरला ४४ मिनिटं, म्हणजे किलोमीटरला ७ मिनिटं २० सेकंद. तुमच्या सगळ्यात चांगल्या हाफचा हिशेब मांडला तर किलोमीटरला साधारण साडेसात मिनिटं येतात. कॅशियरबाई, ही बेरीज तुमच्या नजरेतून कशी सुटली? साडेपाच तासांच्या झोपेवर, रिकाम्या तिजोरीनिशी, तुम्ही आठवड्यातून पाच पहाटे शर्यतीपेक्षा जास्त वेगाने धावताय! आणि पाळताय तो तक्ता कोणाचा, तर किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंदांनी एकवीस किलोमीटर जाऊ पाहणाऱ्या माणसाचा. त्यांचा आरामाचा वेग तुमच्या शर्यतीच्या वेगाहून जास्त असेल. तक्ता वाईट नाही, तो त्यांच्या मापाचा आहे. दुसऱ्याच्या मापाचा ब्लाउज घालून आपण काखेत काचतंय म्हणून स्वतःला दोष देत नाही.

हळू धावणं म्हणजे जमत नाही म्हणून केलेली तडजोड, असा समज ग्रुपमध्ये फार पक्का असतो. त्याच्याशी मी वीस वर्षं भांडतेय. लांब पल्ल्याचं धावणं मुख्यतः हळू धावण्यातूनच घडतं. सावकाश, पुष्कळ वेळ धावलात की हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं, स्नायूंमध्ये केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं, पेशींमधल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भट्ट्या वाढतात आणि शरीर साखर राखून चरबी जाळायला शिकतं. त्यासाठी वेळ लागतो, दमछाक लागत नाही. तुम्ही धावताय तो मधला वेग मात्र दोन्हीकडून नुकसानीचा: पाय दुसऱ्या दिवसापर्यंत ताजे होत नाहीत, आणि वेग वाढावा एवढा जोरही त्यात नसतो. शिवाय हृदय-फुप्फुसं काही आठवड्यांत तयार होतात, हाडं आणि स्नायुबंध मात्र महिनोन् महिने मागे असतात. दम पुरतोय म्हणून आपण पुढे जातो आणि नडगी मागून हाक मारते.

न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला आर्थर लिडियार्ड नावाचा माणूस होता, बुटांच्या कारखान्यात काम करणारा. माणसाला किती धावणं सोसतं ते त्याने वर्षानुवर्षं स्वतःच्या शरीरावर, नोकरी सांभाळून, तपासून पाहिलं. मग आसपासच्या पोरांना तसंच शिकवलं: आधी महिनोन् महिने लांब, न धापता, टेकड्यांवरून धावा, वेगाचं नंतर बघू. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याच्या पीटर स्नेलने ८०० मीटरचं आणि मरी हॅलबर्गने ५००० मीटरचं सुवर्ण एकाच दिवशी जिंकलं. ८०० मीटर म्हणजे मैदानाच्या दोन फेऱ्या, पावणेदोन मिनिटांचा खेळ, आणि त्यासाठीसुद्धा तो स्नेलला रविवारी पस्तीस-पस्तीस किलोमीटर टेकड्यांतून पळवायचा. मला त्याच्याबद्दल जास्त आदर आहे तो पुढच्या कामासाठी. याच माणसाने मध्यमवयीन, सुटलेल्या पोटांच्या, काही तर हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या लोकांना घेऊन साठीच्या दशकात जॉगिंग सुरू केलं. त्यांना सांगणं एकच, गप्पा मारता येतील इतकंच धावा. विजेत्यांना आणि हृदयरोग्यांना तो मुळात एकच औषध देत होता, फक्त मात्रा वेगळी.

तुमची मात्रा कशी ठरवायची? घड्याळाने नको. पाढ्यांनी ठरवा. धावताना तेराचा पाढा मोठ्याने म्हणा: तेर एके तेर, तेर दुणे सव्वीस, तेर त्रिक एकोणचाळीस. तीन पायऱ्या एका दमात, शब्द न तोडता म्हणता आल्या तर वेग बरोबर. ‘तेर चोक’ म्हणून ‘बावन्न’च्या आधी श्वास ओढावा लागला तर वेग कमी करा. चढावर पाढा तुटला तर चाला. हो, चाला! १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर धावलेला जेफ गॅलोवे पुढची कित्येक वर्षं सामान्य लोकांना हेच शिकवत आला की दमायच्या आधीच मिनिटभर चालायचं, मग पुन्हा धावायचं. चार मिनिटं धाव, एक मिनिट चाल. माझा अंदाज, तुमचा हळू वेग आज किलोमीटरला साडेआठ ते नऊ मिनिटांचा निघेल. पहिले तीन आठवडे फार लाजल्यासारखं होईल. तळजईवर भरभर चालणारे काका तुम्हाला मागे टाकून जातील. जाऊ देत.

ग्रुप दिसेनासा होतो, हे तुमचं दुःख मला समजतं. पहाटेच्या अंधारात एकट्या बाईला ग्रुप हा सुरक्षेचाही प्रश्न असतो, नुसता अभिमानाचा नाही. म्हणून ग्रुप सोडू नका, ग्रुपमधल्या शेवटच्या दोघी-तिघी गाठा. प्रत्येक ग्रुपमध्ये असतात. त्याही तुमच्यासारख्याच जीव तोडून कोणाच्या तरी पाठीकडे बघत धावत असतात. त्यांना म्हणा, उद्यापासून आपण पाढ्याच्या वेगाने जाऊ. आणि कुत्री मागे लागली तर धावू नका. थांबा, त्यांच्याकडे तोंड करून उभ्या राहा, मग सावकाश चालत बाजूला व्हा.

आता तो शब्द, ज्याने तुम्हाला रडवलं.

माझे वडील टपाल खात्यात होते आणि वीसेक वर्षं हौशी नाटकात कामं करायचे. महाराष्ट्र शासनाची राज्य नाट्य स्पर्धा असते ना, तिच्या नावातच ‘हौशी’ आहे. संध्याकाळी साडेसातला ते एका शाळेच्या वर्गात तालमीला जायचे, रात्री अकराला परत. रविवारी सकाळी अंगणात सायकल उलटी करून चेन पुसायचे आणि संवाद म्हणायचे. एक वाक्य, मग फडक्याने चेनचे चार दुवे, पुन्हा तेच वाक्य, जरा वेगळ्या आवाजात. एका वर्षी त्यांना गड्याचं काम होतं. साऱ्या नाटकात तीन वाक्यं. त्या तीन वाक्यांसाठी ते दोन महिने एकही तालीम न चुकवता गेले. पाऊस असला की शर्ट पिशवीत घालून, भिजत. त्यांना कोणी विचारलं नाही की मोठे नट कधी होणार. तेही कोणाला विचारत नव्हते. प्रयोग झाला की रात्री घरी येऊन, रंग पुसायच्या आधी, आईला ती तीन वाक्यं म्हणून दाखवायचे. हौशी म्हणजे कमी प्रतीचा, हा अर्थ मी त्या घरात कधी ऐकला नाही. हौशी म्हणजे पोटाला लागत नाही तरी करणारा. हौसेला मोल नाही म्हणतात, ते मी तिथे पाहिलं.

जत्रेत हौशे, नवशे आणि गवशे असे तीन प्रकारचे लोक येतात, असं आपल्याकडे म्हणतात. मॅरेथॉनलाही येतात. दोन तासांच्या आत एकदा करायचंच, असं ठरवून आलेला माणूस नवशा. त्यात वाईट काही नाही, नवस माणसाला कामाला लावतो. पण नवस फिटला की बूट माळ्यावर जातात, हे मी कितीतरी जणांचं पाहिलंय. न फिटला तर मन आंबतं, तेही पाहिलंय. हौशा मात्र पुढच्या वर्षी पुन्हा येतो, देव पावो न पावो. तुम्ही चार वर्षं तळजईवर जाताय, कोणी बोलावलेलं नसताना. ते गृहस्थ चेष्टेत बोलून गेले, पण शब्द बरोबर बोलले. तो त्यांच्याकडून काढून घ्या आणि स्वतःचा म्हणून ठेवा.

यात एक व्यवहाराची बाजूही आहे. ज्यांचा धावणं हाच धंदा आहे, त्यांचा अख्खा दिवस धावण्याभोवती बांधलेला असतो. आपल्या बीड जिल्ह्यातल्या अविनाश साबळेने २०२० साली दिल्लीत हाफ १ तास ३० सेकंदांत केली. म्हणजे किलोमीटरला तीन मिनिटांहून कमी. तसं धावणारा माणूस सकाळचं धावून येतो तेव्हा त्याला डबे भरायचे नसतात. त्याला खाणं मिळतं, मालिश मिळतं, दुपारची झोप मिळते, संध्याकाळी पुन्हा धावायचं म्हणून. विश्रांती हा त्याच्या सरावाचाच भाग असतो. तुम्ही सकाळचं धावून येता तेव्हा दोन डबे, कुकर आणि आठ तास काउंटर तुमची वाट बघत असतात. ते सगळं शरीराच्या खात्यात खर्चाच्या बाजूलाच पडतं. म्हणून हौशी माणसाचा तक्ता त्याच्या दिवसाच्या उरलेल्या जागेतच बसायला हवा. पाच दिवस धावणं तुमच्या दिवसात बसत नाही. तीन दिवस बसतं.

अंगठ्याची तपासणी नीट निघाली असं धरून सांगते. पहिले दोन आठवडे धावणं बंद, तळजईवर चालायला जा. चालताना दुखत नसेल तरच. मग मंगळवार आणि गुरुवार चाळीस-चाळीस मिनिटं, रविवारी एक तास, सगळं पाढ्याच्या वेगाने, आणि शक्यतो मातीवर. सिमेंटच्या रस्त्यांपेक्षा टेकडीची पायवाट बरी. रस्त्याच्या एकाच उतरत्या कडेवरून रोज जाण्यापेक्षा तर नक्कीच. पावसात तिथल्या दगडांवर शेवाळं असतं तेव्हा चाला. किलोमीटर मोजू नका, मिनिटं मोजा. रविवारची मिनिटं दर आठवड्याला पाच-दहाने वाढवा, आणि प्रत्येक चौथ्या रविवारी मुद्दाम कमी करा, हाडांना भरून यायला तेवढी उसंत लागते. सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवारी गजर सहाचा. झोपेचे ते सव्वासव्वा तास तुमच्या वेळेसाठी कोणत्याही महागड्या बुटापेक्षा जास्त करतील.

त्या दिवशी व्यायाम ओट्यापाशी. कुकर लावला की ओट्याला दोन बोटं टेकवा आणि टाचा उचला, सावकाश वर, त्याहून सावकाश खाली. पंधरा वेळा गुडघा सरळ ठेवून, पंधरा वेळा किंचित वाकवून. वाकवून केलं की पोटरीच्या आतला खोल स्नायू कामाला लागतो, आणि नडगीचं ओझं तोच वाटून घेतो. दोन्ही पायांवर सोपं गेलं की एकेका पायावर. मग खुर्चीवरून हात न टेकता उठबस, दहा-दहा. तीन शिट्ट्यांत सगळं होतं. हे आठवड्यातून तीनदा केलं नाही तर नडगी बरी होऊन पुन्हा दुखेल.

खाण्याचं थोडक्यात. उपाशीपोटी धावू नका, एक केळं किंवा दोन खजूर तरी. परत आल्यावर तासाभरात पोटभर खा, पोहे असतील तर बरोबर दूध, दही, अंडं, मोडाची उसळ, काहीतरी. सध्या श्रावण चाललाय. उपास करत असाल तर त्या दिवशी धावण्याची सुट्टी घ्या. आणि बुटांचं: भिजले तर आतून रद्दीचे बोळे कोंबून ठेवा, उन्हात तापवू नका. सहाशे-सातशे किलोमीटर झाले असतील तर बदला. तुमच्या हिशेबाने ते जानेवारीपासूनचे असतील तर झालेच असतील.

फुलचं माझं उत्तर स्पष्ट आहे. या डिसेंबरला नाही.

पंधरा आठवडे उरलेत, नडगी दुखतेय. ४२.१९५ किलोमीटर म्हणजे तुमच्या आजच्या पाढ्याच्या वेगाने सहा तासांच्या आसपास रस्त्यावर. शरीरात साठवलेली साखर साधारण तीस किलोमीटरच्या आसपास संपत येते. त्यापुढचे बारा किलोमीटर चरबी जाळायला शिकलेल्या शरीरावर आणि वाटेत नीट खाल्लेल्या घासांवर जायचे असतात. ती शिकवण तुमच्या पायांना अजून मिळालेली नाही, कारण तुम्ही आजवर हळू धावलाच नाहीत. तुम्ही लिहिलंय, ‘फुल करून दाखवावी’. दाखवायची कोणाला? पस्तिसाव्या किलोमीटरला ते हसलेले लोक बरोबर नसतात. वर्षभर पाढ्याच्या वेगाने धावा, पुढच्या पावसाळ्यात रविवारचे तीन तास बिनदुखते जमले, तर तेव्हा आपण पुन्हा बोलू, आणि तेव्हा मी आनंदाने हो म्हणेन.

पण त्या रविवारी घरी बसू नका. पुण्यात आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ मध्ये सुरू झाली, तेव्हा मी शाळेत होते. बाबांनी एका वर्षी आम्हाला रस्त्याच्या कडेला नेऊन उभं केलं होतं. पुढचे धावपटू इतक्या झपकन गेले की मला त्यांचे चेहरे आठवत नाहीत. आठवतात ते खूप नंतर आलेले एक गृहस्थ, पांढरे कॅनव्हासचे बूट, डोक्याला रुमाल. गर्दी पांगली होती, भाजीवाल्यांनी गाड्या लावायला सुरुवात केली होती. आमच्या शेजारच्या बाईंनी सोललेल्या संत्र्याची फोड पुढे केली. ते थांबले, फोड तोंडात टाकली, दोन्ही हात जोडून नमस्कार केला आणि पुन्हा धावायला लागले. नंतर छत्तिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा बूट बांधले तेव्हा डोळ्यांसमोर ते गृहस्थ होते. तर डिसेंबरात संत्री सोलून डब्यात घ्या आणि ग्रुपचे लोक दमून येतील अशा वळणावर उभ्या राहा. ‘द्या की’ म्हणणाऱ्यांनाही द्या. मनापासून द्या, फोड सगळ्यांना लागते.

राहिल्या सासूबाई. तुम्ही त्यांचं वाक्य टोमणा म्हणून लिहिलंत, पण मला वाटतं, त्या खरंच विचारताहेत. धावणं त्यांनी शर्यतीतच पाहिलंय, म्हणून नंबर विचारतात. एकदा दुपारी निवांत बसून त्यांना आळंदी ते पुण्याच्या वाटेबद्दल विचारा. चपला कुठल्या घालतात, किती वेळा बसतात, पाय कधी भरून येतात, मग काय करतात. ती वाट वीस किलोमीटरच्या पुढे जाते, म्हणजे निदान तुमच्या हाफएवढी. त्या दरवर्षी तुमच्याएवढं अंतर चालतात आणि पुण्यात पोचल्यावर त्यांना कोणी विचारत नाही की कितव्या आल्या. हे त्यांना वाद घालून सांगू नका, नुसतं अंतर सांगा: “आई, तुमची वाट आणि माझी शर्यत सारखीच आहे.” पुढचं त्यांचं त्या जोडतील. आणि पहिले दोन आठवडे तुम्हाला चालायचंच आहे, तर एखाद्या रविवारी त्यांनाही तळजईवर बरोबर न्या. इतकी वर्षं पालखीबरोबर चालणाऱ्या बाईकडून सावकाश आणि लांब जाण्याबद्दल शिकण्यासारखं बरंच असेल.

नडगीची दुखरी जागा कशी लागली अंगठ्याला, चार-पाच बोटं की नाण्याएवढी, ते लगेच लिहा. आणि रक्ताचा रिपोर्ट आला की फेरिटिनचा आकडा कळवा.